साखर कशाला?

परवा रात्री भाचीचा फोन आला. धाकट्या बहिणीची मुलगी, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. आवाज रडवेला. "मामा, फिजिऑलॉजीच्या पेपरात सोपे मार्क घालवले मी."

प्रश्न असा होता: दोन वर्षांच्या मुलाला रात्रीपासून जुलाब होतायत. आशाताईंनी मीठ-साखर-पाणी द्यायला सांगितलंय. आई विचारते, मीठ-पाणी कळलं, पण साखर कशाला? तिला काय सांगाल? कारण लिहा.

"आतड्यातून ग्लुकोज कसं शोषलं जातं ते मला आकृतीसकट पाठ आहे. पण तेच इथं विचारलंय हे लक्षातच आलं नाही. 'अंगात ताकद यावी म्हणून' असं लिहून मोकळी झाले."

मला हसू आलं नाही. का ते पुढे सांगतो.

आपल्याकडे मुंबईत १८२६ साली देशी भाषांतून शिकवणारी एक वैद्यकीय शाळा निघाली होती. ती १८३२ मध्ये बंद पडली. मग १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि त्याला लागूनच जे. जे. हॉस्पिटल. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह होता की विद्यार्थ्यानं रुग्णाच्या खाटेशी उभं राहून शिकावं. १८५१ साली पहिली तुकडी पास होऊन बाहेर पडली. आपले भाऊ दाजी लाड त्यातलेच.

पण पुढे रीत पडली ती अशी, की खाट वरच्या वर्षांना आणि पहिल्या वर्षाला फक्त पुस्तक, प्रेत आणि प्रयोगशाळा. परीक्षाही तशीच. हाडाची वर्णनं, आकृत्या, 'टीपा लिहा'. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी नवी पद्धत मांडली. ओळीनं टेबलं, प्रत्येकावर एक काम, ठरलेला वेळ, सगळ्यांना सारखीच कसोटी. तिचीच प्रयोगशाळेसाठीची आवृत्ती ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये फिजिऑलॉजीसाठी वापरून पाहिली गेली. दुसरीकडे १९९७ च्या नियमांनी पहिलं वर्ष दीड वर्षाचं एक वर्षावर आणलं. वेळ कमी झाला की पोरं काय करणार? पाठांतर! शेवटी २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमानं पहिल्याच वर्षी रुग्ण दाखवायला सांगितलं. भाचीच्या पेपरातला तो प्रश्न अशा दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या वळणांनी तिच्यापर्यंत आलेला.

तिची तक्रारही खोटी नाही हं. ग्लुकोज शिकवलं एका महिन्यात, जुलाबाचं नावही कुणी काढलं नाही आणि पेपरात दोन्ही एकत्र. विचारायचं असं असेल तर शिकवायलाही तसंच हवं. नाहीतर ती परीक्षा राहत नाही, चकवा होतो.

तरी प्रश्न योग्यच होता असं मला वाटतं. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलं. पटकीतसुद्धा हे दार उघडंच राहतं. पुढे ढाका आणि कलकत्त्याच्या डॉक्टरांनी त्याचा उपयोग रुग्णांवर करून पाहिला. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं.

आता माझं. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात आमची वाडी. १९७८ चा पावसाळा. ओढा चढलेला, एस.टी. बंद. चुलत्यांच्या दोन वर्षांच्या पोराला हगवण लागली. आजी सांगायची, "पानी पाजू नगा, पोट आनी वाहील." सगळ्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गेलं. ओढा दुपारी उतरला.

बनगावला सात वर्षं होऊन गेली होती. घरात मीठ होतं, चहाची साखर होती, पाणी तर दारात धो धो वाहत होतं. नव्हतं ते एवढंच, आजीला समजेल असं सांगणारं कुणीतरी.

हे मी भाचीला पहिल्यांदाच सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मामा, पणजीला मी सांगितलं असतं, की नुसतं पाणी पोटात थांबत नाही गं. साखर मिठाचा हात धरून त्याला आत नेते आणि त्या दोघांच्या मागनं पाणी जातं. जुलाब लगेच थांबणार नाहीत, पण पोर सुकणार नाही. घोट घोट पाजत राहा."

पेपरातले मार्क गेले ते गेलेच. असो. तुमच्या घरी पहिल्या वर्षाला कुणी असेल तर एकदा विचारून बघा, साखर कशाला?