भिंतीवर माणसे आली, घर आले नाही : धाराशिव जिल्ह्यातील छायाचित्रांची कथा

१/१५
घर सजवताना विकत आणलेल्या चित्रांऐवजी स्वतः काढलेली रोजची छायाचित्रे भिंतीवर लावावीत, रंग आणि मांडणीही त्यांतूनच निवडावी, असा सल्ला आज वारंवार दिला जातो. आपल्या माणसांची छायाचित्रे भिंतीवर लावणे मराठी घरांना नवे नाही. त्या छायाचित्रांत रोजचे घर मात्र फार उशिरा आले. हा उशीर का झाला आणि त्याची किंमत काय पडली, हे धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

२/१५
आधी भिंत पाहू. या भागातील जुने घर माळवदी. दगडमातीच्या दोन-तीन फूट, क्वचित त्याहूनही जाड भिंती. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा सपाट थर. घराचा आकार खणांनी सांगायचा. भिंतीत दिव्यासाठी देवळी, वस्तूंसाठी कोनाडा, धान्यासाठी बळद, कपड्यांसाठी खुंटी. भिंत हीच कपाट, कोठार आणि देवघर होती. सजावट हा तिच्या उपयोगाचाच एक भाग होता.

३/१५
या भिंतीवर पहिल्यांदा देवांच्या तसबिरी आल्या. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली सुरू झाली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत उभा राहिला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. शिळाछापाने रंगीत चित्र सामान्य घराच्या आवाक्यात आणले. भवानी शिवरायांना तलवार देत आहे, हा आख्यायिकेतील प्रसंग छापील चित्रांतून महाराष्ट्रभर पोहोचला आणि तुळजापूरच्या देवीला चौकटीत बसवून घरी नेता येऊ लागले.

४/१५
माणसाचे छायाचित्र दुसऱ्या वाटेने आले. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. धाराशिव मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि त्या राज्यातील सर्वांत मोठे नाव होते लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार. त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ काढला आणि राजे, सरदार, शिकारी, राजवाडे असे सारे वैभव काचेच्या निगेटिव्हवर उतरवले.

५/१५
दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. तेथे छायाचित्रे काढण्याचे काम एका युरोपीय स्त्रीकडे होते. घरातील स्त्रीची प्रतिमा घरासाठीच हवी, ही मागणी त्या काळी निर्माण झाली होती, याचा हा पुरावा. पण या व्यवस्थेतही एक गोष्ट ठरलेली होती. छायाचित्र हवे असेल तर घर सोडून स्टुडिओत जायचे.

६/१५
स्टुडिओत गेलेल्या माणसामागे त्याचे घर नसे. रंगवलेला पडदा असे : त्यावर खांब, कमानी, बाग, कधी तळे. शेजारी नक्षीदार खुर्ची, छोटे टेबल, फुलदाणी. ही प्रथा राजधानीपुरती राहिली नाही. तालुक्याच्या गावातील साध्या स्टुडिओपर्यंत उतरली. काळ्या रानात आयुष्य गेलेला शेतकरी छायाचित्रात संगमरवरी जिन्यापाशी उभा दिसतो तो यामुळे. आपण जसे आहोत त्यापेक्षा जसे दिसावेसे वाटते तसे दिसण्याची ती जागा होती.

७/१५
गंमत अशी की जिल्ह्यातील प्राचीन वास्तूंची नोंद मात्र लवकर झाली होती. जेम्स बर्जेस यांनी १८७५–७६ च्या हंगामात निजामाच्या मुलुखातील लेण्यांची आणि देवळांची पाहणी केली. १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांचे आराखडे आणि रेखाटने आहेत. लेणे हा इतिहास होता, म्हणून त्याचे मोजमाप झाले. त्याच गावातील स्वयंपाकघराची नोंद कोणी करावी, असे तेव्हा कोणाला वाटले नाही.

८/१५
स्टुडिओतून आलेले छायाचित्र घरात देवाच्या पंक्तीला बसले. चौकट उंचावर टांगायची, तिचा वरचा भाग दोरीने पुढे झुकवायचा, म्हणजे जमिनीवर बसलेल्याला चेहरा नीट दिसे आणि काचेवर उजेड चमकत नसे. माणूस गेल्यावर त्याच छायाचित्राला हार आणि गंध. पुष्कळदा जिवंतपणी काढलेले स्वतंत्र छायाचित्रच नसे. मग लग्नाच्या समूहचित्रातून किंवा ओळखपत्रावरून चेहरा मोठा करून घेतला जाई आणि रंगारी त्यावर हाताने फेटा किंवा कुंकू रंगवी.

९/१५
कॅमेरा स्वस्त झाला तरी चित्र लगेच बदलले नाही. अमेरिकेत १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला. भारतात पुढे आग्फा क्लिक थ्री हा साधा पेटीसारखा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. त्याच्या एका रोलवर १२ छायाचित्रे निघत. रोल, धुलाई आणि प्रती या प्रत्येकाला पैसे पडत. त्या बारांतील एक छायाचित्र चुलीवर, उतरंडीवर किंवा दाराच्या कडीवर कोण खर्च करणार? ती बारस्याची, लग्नाची आणि यात्रेची राहिली.

१०/१५
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत भूकंप झाला. जवळपास ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. धाराशिव जिल्ह्यात सास्तूर आणि त्याच्या परिसरातील गावांना मोठा तडाखा बसला. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचे मातीचे ओझे हेच मृत्यूचे मुख्य कारण ठरले. देवाच्या तसबिरी आणि पूर्वजांच्या चौकटी याच भिंतींवर होत्या.

११/१५
पुनर्वसनात सुमारे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमिनीच्या धारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. सरळ रस्ते, आखीव चौकोन, भूकंपात टिकतील अशा पातळ भिंती. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण कोनाडा, देवळी, बळद, ढेलज यांना नव्या आराखड्यात फारशी जागा नव्हती. धान्य कोठे ठेवावे, जनावरे कोठे बांधावीत, हे प्रश्न उभे राहिले. पुढे लोकांनी या घरांना आपल्या गरजेनुसार पडव्या आणि खोल्या जोडल्या.

१२/१५
येथे छायाचित्रांतील ती उणीव जाणवते. स्टुडिओतील छायाचित्र वाचले तर आजोबांचा चेहरा मिळतो. त्यांची ओसरी मिळत नाही. आजीच्या साडीचा काठ दिसतो. ती जेथे बसून भाकरी थापत असे तो कोपरा दिसत नाही. नव्या घरात जुन्या घराची एखादी खूण आणायची, दाराचा रंग, देवळीची उंची किंवा तुळशीची जागा पुन्हा साधायची, तर आठवण हाच आधार उरतो. आठवण सांगणारी पिढी संपली की तोही जातो.

१३/१५
साध्या घरगुती वस्तूंचे मोल या जिल्ह्याला कळत नव्हते असे नाही. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आणि भांडी आयुष्यभर गोळा केली. त्यांच्या संग्रहातूनच आजचे तेरचे संग्रहालय उभे राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीचे घर अशा तुकड्यांतून उलगडते. शंभर वर्षांपूर्वीच्या घराचे तुकडे मात्र भंगारात आणि ढिगाऱ्यात सहज गेले.

१४/१५
आज मोबाइलमुळे रोल संपण्याची भीती उरलेली नाही. म्हणून रोजच्या छायाचित्रांतून घर सजवण्याच्या कल्पनेला इतिहासाच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. जुन्या वाड्याच्या दाराचा उडालेला निळा रंग, काळ्या दगडाच्या भिंतीवरचा चुना, परडीतील हळदकुंकू आणि कवड्यांची माळ, खळ्यावरची ज्वारी : या छायाचित्रांतून नव्या खोलीचे रंग निवडता येतात. फ्रेम लावायची तर चेहऱ्याइतकीच चेहऱ्यामागची भिंत, भांडी आणि खिडकी दिसणारे छायाचित्र निवडावे. निवडलेल्या छायाचित्राच्या प्रतीमागे पेन्सिलीने गाव, वर्ष आणि नावे लिहावीत. थेट ऊन आणि ओल असलेली भिंत टाळावी. मूळ फाइल दोन ठिकाणी जपावी, कारण फोन हरवला की हजारो छायाचित्रे एका क्षणात जातात.

१५/१५
देवाची तसबीर, स्टुडिओतील पूर्वज, लग्नाचा अल्बम आणि आता मोबाइलमधील रोजचा दिवस, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर भिंतीवर काय लावण्याजोगे आहे, याची व्याख्या थोडी रुंदावली. १९९३ पूर्वीच्या कित्येक घरांची ओळख आज जमिनीच्या उताऱ्यात आणि वृद्धांच्या बोलण्यात शिल्लक आहे. अशा वृद्धांपैकी कोणी घरात असेल, तर त्यांना जुन्या घराचा नकाशा कागदावर काढायला सांगावे, प्रत्येक खणाचे नाव लिहून घ्यावे आणि तो कागदही चौकटीत बसवून भिंतीवर लावावा. ज्या घराचे छायाचित्र कधी निघालेच नाही, त्याचे तेवढेच चित्र आता मिळू शकते.