डोळ्यातलं जस्त

काचबिंदू आणि मोतीबिंदू यांत आमच्या कामथडीला पूर्वी कुणी फारसा फरक करत नसे. आजीला कमी दिसायला लागलं तेव्हा "पिकू दे, मग काढू" असंच सगळे म्हणाले. पुण्याला नेल्यावर कळलं की हा काचबिंदू. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं, इथे गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी टिकवायची. तिला अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या. बोटांना मुंग्या यायच्या आणि सारखं लघवीला जावं लागायचं. एस.टी.चा प्रवास म्हणजे शिक्षाच!

गोळी डोळ्याची, मग धावपळ मोरीकडे का? याचा शोध घेताना मजेशीर इतिहास सापडला.

१९३३ साली केंब्रिजला मेल्ड्रम आणि रफटन यांना रक्तात कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज हे एन्झाइम सापडलं. पुढे तिथेच केलिन आणि मान यांनी दाखवलं की त्याच्या पोटात जस्त आहे, आणि सगळं काम त्या जस्तापाशीच चालतं. दरम्यान सल्फाची औषधं आली होती. ती घेणाऱ्या रोग्यांचं रक्त आम्लधर्मी व्हायचं. कारण १९४० मध्ये कळलं: सल्फानिलामाइड हे एन्झाइमच बंद पाडतं. सल्फाचा रेणू जाऊन थेट जस्ताला चिकटतो.

म्हणजे दुष्परिणामातून औषध निघालं. मूत्रपिंडातलं एन्झाइम थांबलं की लघवी वाढते, म्हणून १९५० च्या सुमारास अ‍ॅसिटाझोलामाइड घडवलं गेलं. डोळ्याच्या आतलं पाणीही याच एन्झाइमच्या मदतीने पाझरतं, म्हणून १९५४ मध्ये अमेरिकेत बेकर यांनी ते काचबिंदूला वापरलं. पाणी कमी, दाब कमी. पण पोटातून घेतलेली गोळी अंगभर फिरणार, हे आलंच.

थेट डोळ्यात घालायचा डॉर्झोलामाइडचा थेंब यायला १९९५ उजाडलं. चाळीस वर्षं! जस्ताभोवतीच्या खाचेचा नकाशा पाहून त्याचा रेणू बेतला होता. आजीला तो मिळाला नाही. पुढे फ्लॉरेन्सच्या सुपुरान यांच्या गटाने सल्फाच्या रेणूलाच जस्त, तांबं असे धातू जोडून पाहिले. सशांच्या डोळ्यांतला दाब चांगला उतरला, पण ते औषध काही दुकानापर्यंत आलं नाही.

असो. काचबिंदू घराण्यात उतरतो आणि बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही. मी दाब मोजून आलो. कामथडीकर चुलत-आते मंडळी, चाळिशी ओलांडलेल्यांनी कधी मोजलात ते कळवा.