शाळिग्रामाच्या पोटात कोण?

सायवनला ओळखीच्या एका घरी तुळशीच्या लग्नाला गेलो होतो. नवरदेव म्हणजे पाटावर ठेवलेला काळा, गुळगुळीत शाळिग्राम. घरातला बारावीतला मुलगा माझ्या कानात म्हणाला, "दादा, हा फोडला तर आत अमोनाइट निघेल ना?" आजीने ऐकलं आणि असे डोळे वटारले की विषय तिथेच संपला!

पण पोरगं बरोबर होतं. शाळिग्राम येतात नेपाळच्या गंडकी नदीतून. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता आणि त्यात अमोनाइट पोहत होते. ऑक्टोपस-माकुलाचे हे नातेवाईक, पण अंगावर गुंडाळीसारखा शंख. त्या शंखाच्या वळ्यांना आपण चक्र म्हणतो. त्यांच्यातल्या एका प्रजातीचं नाव ब्लॅनफोर्डिसेरास, वय सुमारे साडेचौदा ते पंधरा कोटी वर्षं. तिच्यातली वॉलिची ही जाती ग्रे यांनी १८३२ मध्येच नोंदवली होती. प्रजातीचं नाव मात्र कॉसमन या फ्रेंच अभ्यासकाने १९०७ मध्ये दिलं. म्हणजे देवघरात हा पाहुणा शतकानुशतकं राहतोय, बारसं मात्र कालपरवाचं.

आपल्या पुराणकथेत वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून चक्रं काढतो. "बघा, पूर्वजांना सगळं माहीत होतं," असं लगेच फॉरवर्ड करू नका हं. खरं तर उलटं झालंय. जिवाने दगड कोरला नाही, जीवच दगड झाला. तरी नुसत्या डोळ्यांनी बघून आत प्राण्याचा हात आहे असं वाटणं, हे मला भारी वाटतं.

मुलगा म्हणाला, मग आपल्या ओढ्यात शोधू या. नाही सापडणार रे! डहाणू-तलासरीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. तापलेल्या लाव्ह्यात शंख कुठून टिकणार? गंमत अशी की हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत होता, आणि त्याच सुमारास मेक्सिकोजवळ अशनी आदळून डायनोसॉरांबरोबर अमोनाइटही संपले. त्यात आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत.

लग्न लागायच्या आधी मुलाने हळूच मोबाइलचा टॉर्च शाळिग्रामाच्या भोकात मारला. आत वळ्या दिसल्या, एकामागे एक. आजीही वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, आता अक्षता घ्या."