पाच पूर्णांक चार टक्के : जयपूरमधील एका आकड्याचा इतिहास

२१ एप्रिल २०२० रोजी राजस्थानचे तत्कालीन आरोग्यमंत्री रघु शर्मा यांनी जयपुरात एक आकडा जाहीर केला. चीनहून आलेल्या कोविडच्या रॅपिड अँटिबॉडी किटची अचूकता ९० टक्के असेल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात ती ५.४ टक्केच भरली. सवाई मानसिंग रुग्णालयात आधीच बाधित ठरलेल्या रुग्णांवर हे किट वापरून पाहण्यात आले होते. एकूण १६८ चाचण्यांचा हा हिशेब होता, म्हणजे जेमतेम ९ रुग्ण किटला ओळखता आले. राजस्थानने वापर थांबवला. त्याच दिवशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वतीने डॉ. रमण गंगाखेडकर यांनी सर्व राज्यांना दोन दिवस थांबण्यास सांगितले. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे संचालकपद भूषवलेले गंगाखेडकर त्या काळात रोज दूरचित्रवाणीवर दिसत. इतर राज्यांतूनही तक्रारी आल्या होत्या आणि बाधितांना ओळखण्याचे प्रमाण कुठे ६ टक्के, तर कुठे ७१ टक्के होते. २७ एप्रिलला परिषदेने दोन चिनी कंपन्यांचे किट परत करण्याची सूचना दिली. कंपन्यांनी आपल्या मालात दोष असल्याचे नाकारले.

या प्रकरणात ‘अचूकता’ हा शब्द सर्वांच्या तोंडी होता, आणि गोंधळाचे मूळ त्याच शब्दात आहे. निदानचाचणी दोन प्रकारे चुकते. आजारी माणसाला ती निरोगी म्हणते, हा खोटा नकार. निरोगी माणसाला ती आजारी म्हणते, हा खोटा होकार. शंभर आजारी माणसांपैकी किती जणांना चाचणी ओळखते, त्या प्रमाणाला संवेदनशीलता म्हणतात. शंभर निरोगी माणसांपैकी किती जणांना ती निर्दोष सोडते, ती विशिष्टता. जयपूरचा आकडा केवळ संवेदनशीलतेविषयी होता, विशिष्टतेविषयी तो काहीच सांगत नव्हता.

दोन्ही मापे एकत्र कालवली तर काय होते? दहा हजारांच्या वस्तीत ७३ जण बाधित आहेत असे समजू. प्रत्येकाला ‘निरोगी’ असे छापलेला कागद वाटला, तर ९,९२७ जणांबाबत तो खरा ठरेल. त्या कागदाची ‘अचूकता’ ९९ टक्क्यांहून अधिक भरेल, आणि रुग्ण मात्र एकही सापडणार नाही.

या चुकांची जाण वैद्यकाला सावकाश आली. १९०६ मध्ये बर्लिनच्या ऑगस्ट फॉन वासरमान यांनी उपदंशासाठी रक्तचाचणी शोधली. तिच्यासाठी उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरीत. पुढे लक्षात आले की निरोगी ऊतींचा अर्कही तेच काम करतो. म्हणजे चाचणी जंतूंना ओळखतच नव्हती. हिवताप आणि कुष्ठरोग झालेल्यांनाही ती होकार देई. हे दोन्ही आजार जिथे घरोघरी होते, त्या भारतासारख्या देशात अशा खोट्या होकाराने माणसाच्या अब्रूवर किती घाला येत असेल, हे सांगायला नको.

संवेदनशीलता आणि विशिष्टता ही जोडी आजच्या अर्थाने रूढ करण्याचे मोठे श्रेय अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांच्या १९४७ च्या लेखाला जाते. क्षयरोग शोधण्यासाठी छातीच्या क्ष-किरण चित्राचे कोणते तंत्र उत्तम, हा मूळ प्रश्न होता. अभ्यासात दिसले ते वेगळेच. तंत्रातंत्रांत जेवढा फरक होता, त्याहून अधिक फरक चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांत होता. तेच चित्र पुन्हा दाखवले, तर एकच डॉक्टर निराळे मत देई. तेव्हापासून चाचणीलाही परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत आजारी कोण व निरोगी कोण हे आधी वेगळ्या, अधिक खात्रीच्या मार्गाने ठरलेले असावे लागते.

जयपूरच्या डॉक्टरांनी हेच केले. आरटी-पीसीआरने बाधित ठरलेल्यांवर त्यांनी किट तपासले. तरीही एक प्रश्न उरतो. आरटी-पीसीआर विषाणूचे अंश शोधते, तर हे किट शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधत होते. प्रतिपिंडे दिसू लागायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशीच्या रुग्णाला उत्तम किटही नकारच देईल. म्हणून संवेदनशीलतेचा आकडा ‘कोणत्या रुग्णांत, कितव्या दिवशी’ हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो. मात्र हे सारे मान्य केले, तरी जो रुग्णांना घरी पाठवतो त्या किटच्या भरवशावर साथ आवरता येत नाही. वापर थांबवण्याचा निर्णय योग्यच होता.

दुसऱ्या चुकीचा धडा त्याच वर्षी मिळाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ‘कोविड कवच’ ही प्रतिपिंड चाचणी विकसित केली. मे-जून २०२० मधील पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २१ राज्यांतील ७० जिल्ह्यांत २८,००० प्रौढांची तपासणी झाली आणि संसर्गाचे प्रमाण ०.७३ टक्के आढळले. इतक्या विरळ संसर्गात काय घडते, ते पाहू. केवळ उदाहरणादाखल ९० टक्के संवेदनशीलता आणि ९८ टक्के विशिष्टता धरू. दहा हजारांतील ७३ बाधितांपैकी ६६ सापडतील. उरलेल्या ९,९२७ निरोगी लोकांपैकी २ टक्के, म्हणजे सुमारे १९९ जणांना खोटा होकार मिळेल. एकूण २६५ होकारांत खरे केवळ ६६. चारांपैकी तीन खोटे! सर्वेक्षणकर्त्यांना हे ठाऊक होते. म्हणून होकारार्थी व संदिग्ध नमुने त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या चाचणीने पुन्हा तपासले. दोन्ही चाचण्यांच्या चुका परस्परांशी निगडित नाहीत असे मानले आणि दुसरीचे गुणही तेवढेच धरले, तर १९९ खोट्या होकारांतून अवघे ४ उरतात, खरे मात्र ५९ टिकतात.

आता हेच उदाहरण जयपूरच्या नकाशावर ठेवू. एप्रिल २०२० मध्ये परकोट्यातील दाट वस्तीचे रामगंज साथीचे केंद्र बनले होते. तिथे समजा पाचात एक बाधित असेल, तर दहा हजारांत १,८०० खरे आणि १६० खोटे होकार मिळतील. होकार आलेल्याने त्यावर विश्वास ठेवावा. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेल्या विस्तीर्ण मानसरोवरात समजा संसर्ग ०.७३ टक्केच असेल, तर त्याच किटचा होकार बहुधा खोटा असेल. किट तेच, गुण तेच. वस्ती बदलली की उत्तराचा अर्थ बदलतो.

हे ज्ञान कोविडपुरते नाही. क्षयरोगाच्या रक्तातील प्रतिपिंड चाचण्या भारतातील खासगी प्रयोगशाळांत वर्षाला लाखोंच्या संख्येने होत. खोट्या होकारामुळे निरोगी माणूस महिनोन्महिने औषधे घेई आणि खोट्या नकारामुळे क्षयरोगी घरच्यांत संसर्ग पसरवी. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे बजावले आणि २०१२ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली.

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की आपण ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ एवढेच वाचतो. डॉक्टरांना आणखी दोन प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे : ही चाचणी कोणत्या बाजूने अधिक चुकते? आणि माझ्यासारख्या लक्षणांच्या, माझ्या भागातील माणसाला हा आजार असण्याची शक्यता चाचणीआधीच किती होती?