सिस्ट की ट्यूमर? जबड्यातल्या एका गाठीचं तीनदा झालेलं बारसं

आज कोडिंग नाही, आज जबडा.

खालच्या जबड्यात, अक्कलदाढेच्या आसपास एक गाठ होते. १९५६ मध्ये फिलिप्सेन या डॅनिश डॉक्टरांनी तिला ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट म्हटलं. सिस्ट म्हणजे अस्तर असलेली पिशवी, साधा मामला. पण ही पिशवी साधी वागत नाही. गाल फारसा सुजत नाही आणि आतल्या आत ती हाडाच्या पोकळ भागातून लांबवर पसरते. अस्तर इतकं पातळ की काढताना फाटतं, आणि थोडं जरी राहिलं तरी गाठ परत येते.

१९६० मध्ये अमेरिकेत गोर्लिन आणि गोल्ट्झ यांनी एक आजार मांडला: काही लोकांना तरुणपणीच अशा अनेक गाठी होतात, शिवाय त्वचेचा कॅन्सरही. म्हणजे रक्तात काहीतरी होतं. काय, ते कळायला ३६ वर्षं गेली.

आणि धागा सापडला तो माशीत! १९८० मध्ये न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांनी फळमाशीच्या अळीचं शरीर घडवणारी जनुकं शोधली. त्यातलं एक ‘पॅच्ड’. १९९६ मध्ये दोन वेगवेगळ्या टीम्सनी दाखवलं की गोर्लिनच्या रुग्णांत माणसातलं हेच जनुक बिघडलेलं असतं. (माशीवर कशाला पैसे घालवता, असं विचारणाऱ्यांना हा एपिसोड फॉरवर्ड करा.)

पॅच्ड हे ट्यूमर सप्रेसर, म्हणजे ब्रेक. ‘स्मूदन्ड’ नावाच्या प्रोटीनला ते दाबून ठेवतं. ब्रेक गेला की स्मूदन्ड कायम चालू, आणि पेशींना ‘वाढा, वाढा’ हाच निरोप. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. दोन्ही बिघडल्या तरच ब्रेक जातो, ही नुडसन यांची १९७१ ची कल्पना, डोळ्याच्या कॅन्सरवरून सुचलेली. गोर्लिनच्या रुग्णात एक प्रत जन्मतःच खराब, म्हणून गाठी लवकर आणि जास्त.

झालं! २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दुसरं बारसं केलं: हा ट्यूमर. माझ्या इंजिनिअर डोक्याला ते एकदम पटतं. बग सापडला, आता लेबल बदला.

पण शरीर म्हणजे कोड नाही. पॅच्डच्या भागातला बिघाड इतर साध्या सिस्टमध्येही दिसला. त्याहून मजेशीर म्हणजे, गाठीला नुसती खिडकी पाडून आतला दाब कमी केला की ती आकसते, कधी कधी अस्तरही नॉर्मल दिसायला लागतं. खरा ट्यूमर असं सहसा करत नाही. २०१७ मध्ये तिसरं बारसं झालं: पुन्हा केराटोसिस्ट.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही बरं का. ट्यूमर म्हटलं की सर्जनचा हात जास्त हाड कापण्याकडे जातो. विशीतल्या मुलासाठी तो चेहऱ्याचा, चावण्याचा प्रश्न असतो. खिडकी पाडायची तर महिनोन्‌महिने रोज ती धुवायची, आणि गाठ परत येत नाही ना, हे वर्षानुवर्षं एक्स-रे काढून बघत राहायचं.