कागदाच्या किती खेपा

दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी देवगिरीला आणली, तिच्यामागं कागद करणारे कारागीर आले, असं सांगतात. ते कागद करायचे चिंध्यांचा. म्हणजे आमच्या मुलखात कागदाचा जन्मच टाकाऊतून झाला.

खेड्यातल्या घराचीही हीच रीत होती. पन्नास वर्षांमागं घरात कागद यायचा तो मोजकाच. वही, पंचांग, एखादं पत्र अन् वाण्याच्या पुडीचं जुनं वर्तमानपत्र. थोरल्याच्या वहीतली कोरी पानं दाभणानं शिवून धाकट्याची वही व्हायची. लिहिलेली पानं रद्दीत जायची अन् पुडी होऊन पुन्हा घरी यायची.

उरलेला कागद बाया उन्हाळ्यात भिजत घालायच्या. चांगला मऊ झाला की उखळात कुटायचा, त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या कालवायच्या. हा लगदा पालथ्या घमेल्यावर थापून वाळवला की टोपली तयार. मेथ्यांनी लगदा घट्ट धरायचा. डाळी, शेवया त्यातच राहायच्या. फक्त पाणी लागू द्यायचं नाही.

टोपली मोडली तर तीही भिजवायची, पण नुसत्या जुन्याची दुसरी करत नसत. ती ठिसूळ व्हायची, म्हणून नवा कागद मिसळायचाच. कागद म्हणजे झाडाचे, चिपाडाचे बारीक धागे. दर खेपेला भिजवून कुटताना ते तुटून आखूड होतात. कारखान्यातही तेच. पाच-सात खेपांनंतर धाग्यात दम उरत नाही, नवा घालावाच लागतो. रद्दीचा पुन्हा कागद होतो हे खरं, पण कायम होत राहत नाही.

आताचा कागद तर पहिल्याच खेपेला अडतो. चहाच्या कपाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा, लग्नपत्रिकेवर चकचकीत थर, भज्यांच्या कागदाला तेल. भंगारवाला हात लावत नाही. कप उकिरड्यावर टाकला तर कागद कुजतो, पापुद्रा तसाच राहतो. शेणखताबरोबर वावरात जातो अन् पाळी घालताना वखराच्या पासेला गुंडाळतो. पूर्वी उकिरड्यातलं सगळं माती खायची. आता तिच्या तोंडचं आपल्यालाच निवडून काढावं लागतं.

पंगतीसाठी वर्गणीतून घेतलेले स्टीलचे पेले गावोगावच्या देवळांत कुलपात पडून आहेत. ते बाहेर काढले अन् विसळायला दोन माणसं लावली, तर एका लग्नामागं वावरात जाणारे कितीतरी पापुद्रे वाचतील.