कंठाभरणातील एक संख्या

सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली जीवराज जैन ग्रंथमालेत महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. धर्मग्रंथांच्या मालेत अंकगणिताचे पुस्तक पाहून आश्चर्य वाटू नये. या मालेचा आरंभच ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाने झाला होता, आणि विश्वरचना सांगणाऱ्या त्या ग्रंथात प्रचंड संख्यांची रेलचेल आहे.

महावीराचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. ज्या मान्यखेटाहून तो राज्य करी, ते आजचे मळखेड सोलापूरच्या पूर्वेस कलबुर्गी जिल्ह्यात आहे. आचार्यांनी एकं-दहंपासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आणि काही गुणाकारांना कंठाभरणाची उपमा दिली. त्यांच्या उदाहरणांतील एक असे: २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते.

अशा चमत्कृतींना गणितात कितपत स्थान द्यावे? हार्डी या इंग्रज गणितज्ञाने १९४० साली अंकांच्या अशा गमतींना गंभीर गणित मानण्यास नकार दिला होता. आक्षेप वजनदार आहे. पण ही माळ जरा उकलून पाहू. ही संख्या १,११,१११ चा वर्ग आहे, आणि १,११,१११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७. आता ४४१ म्हणजे ३ × ७ चा वर्ग. आणि २७९९४६८१ म्हणजे उरलेल्या तिघांच्या गुणाकाराचा, ५२९१ चा वर्ग. म्हणजे आचार्यांचे गुण्य आणि गुणक दोन्ही पूर्ण वर्ग आहेत.

माळेचा आकारही केवळ दशमान पद्धतीचा योगायोग नव्हे. दहाऐवजी आठ हा पाया धरला, तर सहा एकांनी लिहिलेल्या संख्येचे मूल्य बदलते, पण तिचा वर्ग त्याच अंकक्रमाने लिहिला जातो. हातचा येत नाही तोवर माळ टिकते. दशमानात नऊ एकांपर्यंत ती अखंड राहते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो आणि माळ तुटते. मात्र या साऱ्यासाठी स्थानमूल्याची लेखनपद्धती हवी. रोमन अंकांत हे कंठाभरण दिसलेच नसते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी विसाव्या शतकात एकांच्या वर्गांची हीच कुळी पुन्हा अभ्यासली आणि डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून तिला ‘डेम्लो’ म्हटले. आधुनिक गणितात ती त्याच नावाने ओळखली जाते. तिचा एक सभासद हजारएक वर्षांपूर्वीच श्लोकबद्ध झाला होता, हे सोलापूरच्या त्या ग्रंथामुळे देवनागरी वाचकास सहज पडताळता येते.